बोळक्या तोंडाची संत

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला पाहिलं, मोबाइल आईच्या हातात कोंबला आणि ती पळून गेली. थोरला थांबला. "आजी, तुझे दात कुठे गेले?" त्याने विचारलं. माझं उत्तर सुरू व्हायच्या आत तुमची आई मध्ये पडली. "अगं, कवळी लावून बस ना. मुलं घाबरतात."

मुलं घाबरतात, हे कारण मी अलीकडे दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गप्प बसले होते. गप्प बसल्यामुळे काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सत्तावीस वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. रागाचं पत्र इंग्रजीत कसं लिहायचं ते मला चांगलं येतं. पहिल्या ओळीत आभार, शेवटच्या ओळीत आभार, आणि मधल्या परिच्छेदात सुरी. या वेळी मला कुणाचे आभार मानायचे नाहीत, म्हणून मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला जड गेलं तर आईने वाचून दाखवावं. तिने एकही वाक्य गाळू नये.

क्रमाने सांगते. आधी ती बाई कोण होती, मग तिची मूर्ती कशी झाली, आणि मग आम्ही तिचं काय केलं.

पावणेदोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इजिप्तमध्ये समुद्रकाठी अलेक्झांड्रिया नावाचं मोठं शहर आहे. तिथे एक म्हातारी राहायची. तिने लग्न केलेलं नव्हतं, सगळं आयुष्य तिथल्या ख्रिस्ती मंडळींच्या कामात गेलेलं. एका वर्षी कुणा भविष्य सांगणाऱ्याने गाव भडकवलं आणि लोक ख्रिस्ती माणसांच्या घरांत घुसले. राजाचा हुकूम नव्हता, शिपाई नव्हते. शेजारीच शेजाऱ्यांच्या घरात शिरले, हवं ते उचललं, नको ते रस्त्यावर आणून जाळलं. या म्हातारीला धरलं आणि तिच्या तोंडावर इतकं मारलं की होते नव्हते तेवढे सगळे दात पडले. मग गावाबाहेर लाकडं रचून पेटवली आणि तिला म्हणाले, आम्ही सांगतो ते शब्द आमच्यामागून म्हण, तुझ्या देवाला नाकार, नाहीतर जिवंत जाळू. ती म्हणाली, जरा मला सोडा. त्यांना वाटलं, म्हातारी विचार करतेय. त्यांनी सोडलं. आणि तिने स्वतःच आगीत उडी घेतली.

तिथल्या बिशपने दुसऱ्या एका बिशपला लिहिलेल्या पत्रात ही हकीकत आहे. मी ती इंग्रजीत वाचली आहे. ती म्हातारी होती, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. नंतरच्या चित्रकारांनी मात्र ते वाचूनही सोडून दिलं. त्यांनी तिची सोळा-सतरा वर्षांची गोरी, देखणी मुलगी केली आणि हातात चिमटा दिला. चिमट्याचा पत्रात पत्ता नाही. पण सुंदर मुलीचे दात कुणी उपटतंय म्हटलं की बघणारे थांबतात. म्हातारीच्या दुःखाला गिऱ्हाईक नसतं.

तिच्या उडीवरूनही पुढे शहाण्या माणसांनी वाद घातले. ही आत्महत्या म्हणायची का, वगैरे. त्यांच्या तोंडावर कुणी मारलेलं नव्हतं. त्या जमावाला तिला आगीत ढकलायचं होतं, आणि तेवढं एक तिने त्यांना करू दिलं नाही, एवढंच मला त्यात दिसतं.

आता मूर्ती.

मी लग्न होऊन नाशिकरोडला आले तेव्हा आमच्या चर्चचे फादर परदेशी होते. वय झालेलं आणि दातांनी कायम हैराण. त्यांच्या देशात दात दुखला की या संतिणीची प्रार्थना करतात, म्हणून त्यांना ती इथेही हवी होती. चर्चचे बाक करायला नामपूरकडचा एक सुतार आला होता, हिंदू माणूस. फादरांनी त्याला मोडक्या मराठीत सगळी गोष्ट सांगितली. चित्र दाखवलं नाही, कारण त्यांच्याजवळ चित्र नव्हतं. देवाची कृपाच म्हणायची. बाकांतून उरलेल्या सागाच्या ओंडक्यातून त्याने ती चर्चच्या मागे कडुनिंबाखाली कोरली. मी रोज दूध घेऊन येताना तिथे थांबायची, त्यामुळे ती म्हातारी मी पायांपासून वर येताना पाहिली आहे.

दोन हात उंच. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर. गाल आत गेलेले, ओठ आत वळलेले, हनुवटी पुढे आलेली. हातात सांडशी, आपण चुलीवरून पातेलं उतरवायला घेतो ती, कारण पकडायचं हत्यार म्हटल्यावर त्याला तीच आठवली. सांडशीत ज्वारीच्या दाण्याएवढा एक दात. आणि डोळे असे, की समोर उभ्या राहिलेल्या माणसाने आपलं काय काम आहे ते पटकन सांगून टाकावं.

माझ्या सासूबाईंना ती अजिबात आवडली नाही. "संतीण अशी असते होय?" त्या सुतारासमोरच म्हणाल्या. "ही तर बाजारातली भाजीवाली दिसते."

सुताराने पटाशी खाली ठेवली. "हाई मन्ही माय शे," तो म्हणाला. ही माझी आई आहे.

सासूबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्याची माझ्याकडे ही एकच आठवण आहे.

कोरताना त्याची स्वतःची दाढ दुखत होती. लवंग दाढेखाली धरून तो काम करायचा. मूर्ती चर्चमध्ये बाजूच्या वेदीवर बसली त्या दिवशी खिशात उरलेल्या लवंगा त्याने तिच्या पायाशी ठेवल्या आणि तो गावी निघून गेला. दुसऱ्या दिवशी दाढ धरून आलेल्या कुणीतरी त्यातली एक उचलली आणि नंतर घरून आणून दुसरी ठेवली. तिथून रीत पडली. आपली लवंग ठेवायची आणि दुसऱ्या कुणी ठेवलेली उचलून दाढेत धरायची. स्वतःची परत न्यायची नाही. ही रीत कुणा फादरने सांगितली नाही, की कुठल्या पुस्तकात नाही.

पायाशी एक पितळी वाटी असायची. शेजारपाजारची मुलं पडलेला दुधाचा दात कौलावर फेकायची, आमची मुलं त्या वाटीत टाकायची. तुमच्या आईचा पहिला दात त्या वाटीत आहे. बाकावर चढून तिने तो टाकला, आत वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, "मम्मी, यात इतके आहेत. माझा कोणता ते तिला कसं कळणार?"

तिचं ग्रीक नाव आमच्यात कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. लोक दातवाली आजी म्हणायला लागले. तोंडात एकही दात नसलेल्या बाईला दातवाली म्हणायचं, हे आमच्या नाशिककरांनीच करावं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले कामगार पाळी संपली की सुजलेला गाल घेऊन यायचे. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडच्या बाया बागांत कामाला येतात, त्या यायच्या. कुणी क्रूसाची खूण करायचं, कुणी चपला बाहेर काढून हात जोडायचं, कुणी दोन्हीतलं काही न करता लवंग उचलून चालू लागायचं. कुणाला कधी विचारलं नाही, तू कोण, कुठली.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. आम्ही ते चालू दिलं नाही. आम्ही म्हणते, कारण त्यात मी होते.

डिसेंबरात पॅरिश कौन्सिलची, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाची, सभा झाली. मी कौन्सिलची सचिव, इतिवृत्ताची वही माझ्याकडे. चर्चला आतून रंग द्यायचा होता. त्यावरून आमच्यातलेच एक दातांचे डॉक्टर उठले आणि मूर्तीवर आले. माणूस चाळिशीचा, हसरा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. तो वाईट माणूस नाही हे मला लिहावं लागतं आणि लिहितानाही राग येतो. वाईट असता तर सोपं गेलं असतं. आमच्या चर्चमधल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना त्याने फुकट कवळ्या करून दिल्या. त्यातली एक माझ्या तोंडात होती.

"ती मूर्ती आता बघवत नाही," डॉक्टर म्हणाले. "लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरा-नवरीच्या खांद्यामागे ते बोळकं. मागच्या महिन्यात एका नवरीने ओढणी टाकून झाकली."

सगळे हसले.

"मुलं घाबरतात. शिवाय इतक्या वर्षांचं लाकूड, आत वाळवी असणारच. नवी मूर्ती मी देतो. फायबरची, छान, प्रसन्न."

"पण ती म्हातारीच होती ना?" मागून एक बाई हळूच म्हणाल्या.

"होती की. पण आपण लोकांना दुःख दाखवायचं की आशा?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "काकूंनाच विचारा. सहा महिन्यांपूर्वी पेज पीत होत्या. काकू, हसून दाखवा बरं जरा!"

आणि मी हसले.

हे नीट वाचा. मी हसले. वरची रांग, खालची रांग, सगळं दाखवलं. टाळ्या पडल्या. त्याने दिलेले दात तोंडात ठेवून त्याच्याविरुद्ध मी काय बोलणार होते? फादरांनी विचारलं, कुणाची हरकत? मी मान खाली घातली आणि वहीत सुबक अक्षरात लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर'. खाली सही केली. कारखान्यात सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पत्रांतली खोटी वाक्यं शोधून त्यांखाली लाल रेघ मारत होते.

मी स्वतःची समजूत घातली की जुनी मूर्ती कुठेतरी ठेवतील. मागच्या खोलीत, कपाटावर. विचारलं मात्र नाही.

तिचा सण फेब्रुवारीत असतो, आम्ही जवळच्या रविवारी करतो. यंदा मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, आधी फादरांनी पडदा ओढला.

गुलाबी गाल. सोनेरी कुरळे केस, निळे डोळे. पांढरा झगा, कमरेला सोनेरी पट्टा. हातात सोनेरी चिमटा आणि चिमट्यात मुळांसकट अख्खी दाढ, दवाखान्याच्या बोर्डावर असते तशी. हे सगळं मी एक वेळ सोसलं असतं. पण ती हसत होती. ओठ चांगले विलग करून हसत होती, आणि आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरेशुभ्र दात होते.

जिच्या तोंडातले सगळे दात पाडले म्हणून आपण तिच्यापुढे गुडघे टेकतो, तिचे सगळे दात जागच्या जागी. हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मूर्तिकाराच्या नाही, फादरांच्या नाही, दोन सिस्टर्सच्या नाही. आणि दात ज्याचा धंदा त्या डॉक्टरांच्या तर नाहीच. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "किती गोड आहे नाही?" पायाशी लवंगा ठेवायला जागा नव्हती. लवंगांचे डाग पडतात, म्हणून तिथे उतरता चौथरा केला होता आणि त्यावर देणाऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटी.

मिस्सा झाल्यावर सगळे चहाला मांडवात गेले. चर्चची उघडझाप आणि साफसफाई बघतात त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांना मी गाठलं.

"मामा, जुनी कुठे ठेवलीय?"

"शेडमध्ये. झावळ्यांत."

"झावळ्यांत कशाला?"

मामांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "आज झावळ्या जाळायच्यात ना, बाई."

तुम्हाला हे माहीत नसेल म्हणून सांगते. ईस्टरच्या आधी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झावळ्या घरोघर नेतात. पुढच्या वर्षी त्या वाळलेल्या झावळ्या चर्चमध्ये परत आणून जाळतात आणि राखेच्या बुधवारी तीच राख सगळ्यांच्या कपाळाला लावतात. यंदा तो बुधवार तीन दिवसांवर होता. पत्र्याचा अर्धा कापलेला ड्रम अंगणात आणून ठेवलेला मी येताना पाहिला होता.

"तिला का?" मी विचारलं.

"आशीर्वादाची वस्तू कचऱ्यात टाकता येत नाही. जाळायची नाहीतर पुरायची, असा नियम आहे. फादर म्हणाले, एकत्रच होऊन जाईल."

"म्हणजे बुधवारी आपल्या सगळ्यांच्या कपाळाला..."

"मला काय विचारता बाई," मामा चिडून म्हणाले. "वहीत तुम्हीच लिहिलंत ना?"

मी शेडमध्ये गेले. ती झावळ्यांच्या ढिगावर गोणपाटात गुंडाळून पालथी टाकली होती. गोणपाट सोडून मी तिला सरळ केलं. बोटाने जागोजागी ठोकून पाहिलं. वाळवी नव्हती. लाकूड खणखणीत वाजत होतं. वाळवी आहे का, एवढं बघण्याचेही कष्ट कुणी घेतले नव्हते. एकदा जाळायला नेलेल्या म्हातारीला आम्ही दुसऱ्यांदा जाळायला काढलं होतं, तेही तिच्याच सणाच्या दिवशी, चहा आणि केक खाऊन झाल्यावर.

तेवढ्यात शेडच्या दारात एक बाई आली. पेठकडची, बागेत कामाला आलेली. हनुवटीखालून डोक्यावर रुमाल बांधलेला, एक गाल सुजून तुकतुकीत झालेला, मूठ घट्ट मिटलेली. दरवर्षी येणाऱ्या बायांतली ती एक होती.

"बाई, म्हातारी कुठं हाय?"

"आत नवीन बसवलीय," मामा बाहेरून म्हणाले. "तिथं जा."

"जाऊन आले. ती कोन हाय?" तिला तोंड नीट उघडता येत नव्हतं. "तिचं तं समदं दात हायेत. तिला काय कळंल?"

दोन महिने जे वाक्य मी शोधत होते ते या बाईला दुखऱ्या दाढेने एका मिनिटात सापडलं. मी बाजूला झाले. ढिगावरची म्हातारी तिला दिसली. तिने फक्त माझ्याकडे असं बघितलं की मला तिथे उभं राहवेना.

मी मांडवात गेले. फादर, डॉक्टर आणि कौन्सिलची चार माणसं टेबलाभोवती होती. आत्ताचे फादर तरुण आहेत, माझ्या मुलाच्या वयाचेही नाहीत.

"फादर, जुनी मूर्ती जाळायची नाही," मी म्हटलं.

"काकू, तो विषय झालाय," फादर म्हणाले.

"वाळवी नाहीये. मी आत्ता ठोकून पाहिली."

"प्रश्न वाळवीचा नाही. एकाच संताच्या दोन मूर्ती नको, लोकांचा गोंधळ होतो. आणि इतिवृत्तात सर्वानुमते आहे. तुमचीच सही आहे."

"काकू भावुक झाल्या," डॉक्टर हसून म्हणाले. "केक खाल्लात का? आता तर काय, अक्रोडाचाही चावता येईल!"

मंडळी हसली. म्हणजे मी बोलायचं नाही. मी चावायचं.

"जरा थांबा," मी म्हटलं.

फादर थांबले. त्यांना वाटलं, काकू विचार करतायत. मी मांडवाच्या कडेला नळ होता तिथे गेले, कवळी काढली, स्वच्छ धुतली, रुमालात गुंडाळली आणि परत येऊन डॉक्टरांच्या पुढ्यात केकच्या ताटलीशेजारी ठेवली. चार वर्षांचा असताना तुमच्या सख्ख्या मामाने एकदा जेवणाच्या टेबलावर बेडूक ठेवला होता, त्या वेळी सगळे जसे मागे सरकले तसे आत्ता सरकले.

"हे तुमचे," मी म्हटलं. "आता मला बोलता येईल."

खरं तर बोलता येत नव्हतं. दात नसले की स, श, त सगळे एकमेकांत मिसळतात, थुंकी उडते. मी तशीच बोलले. मी म्हटलं, सर्वानुमते हे खोटं आहे. मी लिहिलेलं खोटं आहे. त्या सभेत मला हरकत होती आणि मी भीतीने, मिंधेपणाने ती गिळली. ज्यांना ती म्हातारी बघवत नाही त्यांनी आता माझ्याकडे बघावं. हे बोळकं जिवंत आहे, याच्यावर ओढणी टाकायची तर टाका.

"काकू, तमाशा नको," डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत की."

"अहो, मी तुमच्या चांगल्यासाठी..."

"ठाऊक आहे. म्हणून तर तोंडात दात होते तोवर बोलले नाही."

मागे कुणीतरी हसलं. माझ्या उच्चारांना हसलं, मला माहीत आहे कोण ते. त्या बाईची स्वतःची कवळी त्याच दवाखान्यातली आहे.

मी शेडमध्ये परत गेले. मूर्ती उचलली. साग जड असतो आणि माझं मनगट अधू आहे, तेव्हा एका बाजूने त्या पेठच्या बाईने धरली. ड्रमच्या समोर एक प्लास्टिकची खुर्ची ओढून मी बसले आणि म्हातारीला मांडीवर घेतलं. "पेटवा आता," मी मामांना म्हटलं. मामांच्या हातात काड्यापेटी होती. त्यांनी ती खिशात घातली आणि नाक शिंकरायला मागे वळले.

पेठची बाई माझ्या पायाशी जमिनीवर बसली. तिला आमच्या भांडणाशी कर्तव्य नव्हतं. तिने मूठ उघडली, घामाने ओली झालेली लवंग म्हातारीच्या पावलावर ठेवली आणि दुसरी शोधू लागली. दुसरी नव्हती. रंगकामात सगळ्या झाडून टाकल्या होत्या. ती माझ्याकडे बघत राहिली. दाढ ठणकत होती, डोळ्यांत पाणी होतं, पण स्वतःची लवंग परत उचलायची नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

मांडवातून सगळी मंडळी हे बघत होती. एवढ्या माणसांत एकाकडेही लवंग नव्हती. शेवटी फादरच उठले. चहाच्या पातेल्याजवळ गेले, मसाल्याचा डबा उघडला, दोन लवंगा घेऊन आले आणि खाली वाकून त्यांनी त्या म्हातारीच्या पायाशी ठेवल्या. वाकल्यावर त्यांचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं आणि त्याच्या वरच माझं. मग कानापर्यंत लाल होऊन मामांना म्हणाले, "नुसत्या झावळ्याच जाळा."

बाईने त्यातली एक उचलली, दाढेखाली धरली, कपाळ जमिनीला टेकवलं आणि कामाला निघून गेली. तिला उशीर झाला होता.

तुम्हाला वाटेल, म्हणजे आजी जिंकली. नाही. गुलाबी मुलगी वेदीवरच आहे, तिच्या पाटीसकट. म्हातारी बाहेर व्हरांड्यात आहे, पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरशेजारी एका स्टुलावर, 'पुढील सभेपर्यंत तात्पुरती'. हे शब्द दुसऱ्या कुणीतरी वहीत लिहिले, कारण मी सचिवपद सोडलं. लग्नं आता निर्वेध लागतात, फोटो छान येतात. लोक पाणी प्यायला वाकतात तेव्हा त्यांचा धक्का तिला लागतो. मी रोज संध्याकाळी जाऊन तिचं तोंड पुसते, कारण फिल्टरचं पाणी उडतं, आणि पुसताना मला रोज नव्याने संताप येतो. डॉक्टरांचा कमी, त्या दिवशी मांडवात केक हातात घेऊन उभ्या असलेल्या, मनातून माझ्या बाजूच्या असलेल्या माणसांचा जास्त. मी डिसेंबरात त्यांच्यातलीच एक होते, म्हणून तो राग नेमका कुणावर आहे हे मला कळतं.

बुधवारी कपाळाला राख लावून घेतली. ती फक्त झावळ्यांची होती. मामांना मी दोनदा विचारून खात्री केली.

आता तुमचा प्रश्न. डॉक्टरांनी कवळी घरी पाठवून दिली, सोबत चिठ्ठी, 'काकू, राग सोडा, हिरड्या आवळतील, मग बसणार नाही.' त्यांचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. मी ती परत धुतली आणि व्हरांड्यात नेली. पितळी वाटी मामांनी रंगकामाच्या वेळी गुपचूप उचलून ठेवली होती, ती आता स्टुलावर तिच्या पायाशी आहे. माझे दात त्या वाटीत आहेत, तुमच्या आईच्या पहिल्या दाताशेजारी. मी भात कालवून खाते, भाकरी दुधात भिजवते. माझं उत्तम चाललं आहे.

रविवारी नेहमीच्या वेळी फोन लावा. मी अशीच समोर बसणार आहे. धाकटीला म्हणावं, घाबरायचं असेल तर घाबर, पण तोंड फिरवायचं नाही.